दावा लशीविरुद्ध नव्हता

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लूची लस घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांनी माझ्या नवऱ्याला गुलेन बॅरी सिंड्रोम झाला. डॉक्टर त्याला जीबीएस म्हणतात. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. बहुतेकांची ताकद आधी पायांतून जाते, आणि काहींच्या बाबतीत श्वास घेण्याच्या स्नायूंपर्यंत प्रकरण जातं. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात साथ आली ती याच आजाराची. तिथे संशय दूषित पाण्यावर होता, लशीचा काही संबंध नव्हता.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लशीमुळे इजा झाली तर भरपाई देणारी केंद्र सरकारची एक योजना अमेरिकेत आहे, आणि तिचे दावे वॉशिंग्टनमधल्या एका कोर्टात चालतात. आम्ही तिथे दावा केला. तो काही वर्षं चालला आणि तडजोडीने संपला. तेव्हापासून महाराष्ट्र मंडळातल्या, ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या लोकांचे फोन येत असतात. मी वकील नाही, पण जे पाहिलं ते नीट सांगू शकते.

१. भरपाई मागणं म्हणजे लशीच्या विरोधात उभं राहणं नव्हे

आमचा पहिला अडथळा कायद्याचा नव्हताच. माझे सासरे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंपाउंडर होते. पोलिओचे डोस पाजायला वाड्यावस्त्यांवर निघालेल्या नर्सताई त्यांच्या घरी चहा पिऊन पुढे जायच्या. त्या घरात वाढलेल्या माणसाला "लशीमुळे मला इजा झाली" असं कोर्टाला लिहून द्यायचं जिवावर आलं होतं. उद्या आपलं उदाहरण देऊन कुणी आपल्या पोराला लस टोचायचं टाळलं तर, हा त्याचा प्रश्न होता. हॉस्पिटलच्या खाटेवर हात उचलता येत नसतानाही तो हेच विचारायचा.

हा कायदा का झाला ते वाचल्यावर त्याची भीती गेली. १९७६ मध्ये आमच्याच न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर स्वाइन फ्लू सापडला. सरकारने घाईने देशभर लसीकरण सुरू केलं आणि चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली. मग लक्षात आलं की त्या लशीनंतर दर लाख माणसांमागे जीबीएसचा साधारण एक जादा रुग्ण आढळतो आहे. डिसेंबरात मोहीम थांबवली. पुढे ऐंशीच्या दशकात लहान मुलांच्या ट्रिपल लशीवरून, म्हणजे डीपीटीवरून, कंपन्यांवर खटल्यांची रांग लागली. एकेक कंपनी लस बनवणं सोडू लागली आणि तुटवडा पडला. इजा झालेल्यांना वेळेत पैसे मिळत नव्हते आणि निरोगी मुलांना लस मिळेना. त्यातून १९८६ चा कायदा झाला आणि १९८८ च्या ऑक्टोबरपासून भरपाई योजना सुरू झाली.

या योजनेत कुणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. लस उत्तम बनवली, नीट साठवली, नीट टोचली, तरी लाखोंत एखाद्याचं शरीर उलटू शकतं, हे कायद्याने आधीच मान्य केलेलं आहे. भरपाईचा पैसा लशींवरच्या करातून येतो. लस जितक्या आजारांपासून वाचवते, तितक्या आजारांमागे ७५ सेंट. फ्लूच्या डोसमागे ७५ सेंट, गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींच्या एकत्र लशीमागे सव्वादोन डॉलर. माझ्या दोन्ही मुलांच्या प्रत्येक डोसमागे ही नाणी त्या निधीत पडली होती. सगळ्यांनी लस घेतल्याचा फायदा सगळ्यांना होतो, तेव्हा त्यात जो एखादा सापडतो त्याचा भार सगळ्यांनी उचलायचा. नवऱ्याला हे पटलं, कारण त्याच्या वडिलांनाही ते पटलं असतं.

प्रमाणही सांगायला हवं. सरकारी आकडेवारी बघितली तर वाटलेल्या दर दहा लाख डोसमागे साधारण एका माणसाला या योजनेतून भरपाई मिळते. हल्लीच्या फ्लूच्या लशीनंतर जीबीएसचा धोका वाढत असलाच, तर तो दहा लाख डोसमागे एकदोन रुग्ण इतका आहे. आणि खुद्द फ्लू झाल्यावरही जीबीएस होतो. आमच्या घरात मी आणि मुलं दरवर्षी फ्लूची लस घेतो. नवरा घेत नाही, कारण लशीनंतर सहा आठवड्यांत जीबीएस झालेल्याने ती पुन्हा घेताना विचार करावा असं लसीकरणाच्या नियमांतच आहे. तो घेत नाही म्हणून आम्ही तर चुकवतच नाही.

२. मुदत पहिल्या लक्षणापासून मोजतात

तीन वर्षं. लस टोचल्याच्या तारखेपासून नाही, निदान झालं त्या तारखेपासूनही नाही. पहिलं लक्षण दिसलं त्या दिवसापासून. आमच्याकडे ते लक्षण म्हणजे पायाच्या अंगठ्यांना आलेल्या मुंग्या. जीबीएस हा शब्द आम्ही ऐकला तो त्यानंतर काही दिवसांनी, पण कोर्टाचं घड्याळ मुंग्यांपासून सुरू झालं होतं. रुग्ण दगावला तर मृत्यूपासून दोन वर्षं, आणि पहिल्या लक्षणापासून चार वर्षांच्या आत.

मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत मुदत थांबते असा पुष्कळांचा समज आहे. या योजनेत ती थांबत नाही. मला आलेल्या फोनपैकी सगळ्यात जड फोन चौथ्या वर्षात आलेल्या लोकांचे होते. कागद चोख, डॉक्टरांचं मत अनुकूल, आणि दार बंद.

दुसरी अट सहा महिन्यांची. त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकला पाहिजे, किंवा रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया करावी लागलेली असली पाहिजे, किंवा मृत्यू. चार दिवस ताप आला, दंड सुजला, यासाठी ही योजना नाही, आणि तसंच असायला हवं.

डॉक्टरने सरकारच्या नोंदणी यंत्रणेला दुष्परिणाम कळवला म्हणजे आपला दावा लागला असं कुणी समजू नये. ती नोंद लशींवर लक्ष ठेवण्यासाठी असते. दावा कोर्टातच दाखल करावा लागतो.

३. इमर्जन्सीत दिलेलं उत्तर वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही

हा मुद्दा मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते.

त्या सप्टेंबरात आम्ही गणपतीला कोल्हापूरला जाऊन आलो होतो. परतायच्या आधी एक दिवस नवऱ्याचं पोट बिघडलं. ओआरएस घेतलं, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, विषय संपला. नंतर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने फार्मसीत लस घेतली आणि महिना संपता संपता पाय जड झाले. इमर्जन्सीत नर्सने विचारलं, हल्ली कुठे प्रवास? भारतात. जुलाब वगैरे? हो, झाले होते. तिने टाइप केलं: अलीकडे भारतप्रवास, जुलाब. तारीख नाही, किती दिवस ते नाही. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. समोर पाय उचलता न येणारा माणूस होता, तिला पुढची धावपळ होती.

पण जीबीएसचं सगळ्यात ओळखीचं कारण म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जिवाणूने होणारे जुलाब. पुण्याच्या साथीतही रुग्णांच्या नमुन्यांत तोच सापडला होता. सरकारी वकिलांच्या हातात ती ओळ पडली आणि त्यांची सगळी बाजू तिच्यावर उभी राहिली: आजार लशीमुळे नाही, भारतातल्या पोटाच्या संसर्गामुळे. रुग्णालयात केलेल्या शौचाच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं. त्यावर त्यांचं उत्तर असं, की इतक्या उशिरा केलेल्या तपासणीत सापडणारच नाही.

आम्हाला वाचवलं ते दोन साध्या कागदांनी. एक होता सप्टेंबरच्या शेवटी नवरा रक्तदाबासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेला होता तेव्हाचा. त्यात पोटाची कसलीही तक्रार नाही असं स्पष्ट लिहिलेलं. दुसरा न्यूरॉलॉजिस्टचा. त्यांनी स्वतः खाटेशी खुर्ची ओढून नवऱ्याला एकेक तारीख विचारली होती आणि लिहून ठेवलं होतं, की जुलाब एकच दिवस, लक्षणांच्या पाच आठवड्यांहून जास्त आधी, ताप नाही, रक्त नाही. कोर्टात माणसाच्या आठवणीपेक्षा त्या वेळी लिहिलेल्या कागदाला जास्त वजन असतं. म्हणून आजारी माणसाबरोबर जो कुणी असेल त्याने तारखा बोलून दाखवाव्यात. "मागे जुलाब झाले होते" असं म्हणू नये. "गेल्या महिन्यात, अमुक तारखेला, एक दिवस" असं म्हणावं. लस घेतली असेल तर तीही न विचारता सांगावी, कारण पुष्कळदा तो प्रश्न विचारलाच जात नाही.

मंडळातल्या एका काकूंचंही असंच झालं. फ्लूची सुई खांद्यावर फार वर टोचली गेली आणि हात वर जाईना. केस विंचरता येईनात, पोळ्या लाटता येईनात. अशा खांद्याच्या दुखापतीसाठी दुखणं ४८ तासांच्या आत सुरू झालेलं दाखवावं लागतं. काकू दोन महिने शेक घेत घरी थांबल्या, आणि डॉक्टरकडे गेल्यावर "काही आठवड्यांपासून दुखतंय" एवढंच बोलल्या. तेवढंच लिहिलं गेलं. पुढे मुलीला लस घेतल्याच्याच रात्री त्यांनी पाठवलेला मेसेज शोधून काढावा लागला.

४. कागद स्वतः मागवा, सगळे मागवा

लशीची नोंद सगळ्यात आधी. कोणती लस, कोणत्या तारखेला, कोणत्या हातावर, लॉट नंबर काय. फार्मसीत लस घेतली असेल तर ती नोंद फार्मसीकडे असते, डॉक्टरच्या फाइलमध्ये नसते. मग लशीच्या आधीच्या निदान तीन वर्षांचे सगळे वैद्यकीय कागद, दाताच्या डॉक्टरांपर्यंतचे. आधीच्या कागदांत त्रास नाही, हेच तर दाखवायचं असतं.

भारतात तपासलेलं असेल तर ते कागदही लागतात. आपल्याकडचे डॉक्टर चिठ्ठी रुग्णाच्याच हातात देतात आणि दवाखान्यात बहुतेक वेळा प्रत राहत नाही. नवऱ्याचं पोट बिघडलं तेव्हाची चिठ्ठी सासूबाईंनी देवघराच्या खणात विजेच्या बिलांबरोबर जपून ठेवली होती. तारीख, रक्तदाब, ओआरएसची पाकिटं आणि खाली डॉक्टरांची सही. तो कागद आमच्या याचिकेला जोडलेल्या पुराव्यांत आहे.

५. वकिलाची फी तुमच्या भरपाईतून जात नाही

दारं ठोठावायला लोक घाबरतात ते पैशामुळे. या योजनेत वकिलाची फी आणि तज्ज्ञ डॉक्टरांची फी कोर्ट ठरवतं आणि तो निधीच देतो. दावा हरलात तरी देतो, फक्त तो प्रामाणिकपणे आणि काही आधार असताना केलेला हवा. मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा वकिलाचा, हा अपघाताच्या खटल्यांत चालणारा प्रकार इथे कायद्याने बंद आहे. कुणी वकील टक्का मागत असेल तर त्याला ही योजना ठाऊक नाही असं समजून उठावं.

ठाऊक असणारे वकील देशात थोडेच आहेत. ते तुमच्याच राज्यातले असण्याची गरज नाही. आमच्या वकीलबाई दुसऱ्या राज्यातल्या होत्या, आणि आमची सगळी कामं फोनवर आणि टपालाने झाली. पहिल्या फोनवर त्यांनी आम्हाला किती पैसे मिळतील हे सांगितलं नाही. पायाच्या अंगठ्यापासून सुरुवात करून तासभर नुसते प्रश्न विचारले. कुणाला वकील निवडायचा असेल तर मी एवढीच खूण सांगते: जो आधी रकमेचं बोलतो त्यापेक्षा जो आधी तारखांचं बोलतो तो बरा.

६. समोर कंपनी नसते, सरकार असतं

याचिकेवर प्रतिवादी म्हणून नाव असतं ते अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांचं, आणि त्यांच्या बाजूने न्याय खात्याचे वकील उभे राहतात. लस बनवणारी कंपनी त्या खोलीत नसतेच. योजनेतल्या लशीसाठी कंपनीवर थेट दावा लावता येत नाही, आधी या कोर्टात यावं लागतं. निकाल मान्य नसेल तर पुढे दुसरीकडे जायचा रस्ता कायद्यात आहे, पण २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो फारच अरुंद झाला आहे.

ज्युरी नसते. स्पेशल मास्टर म्हणून नेमलेले आठ निवाडाधिकारी सगळ्या देशाचे दावे ऐकतात. आठ हा आकडा ऐंशीच्या दशकातला. तेव्हा दावे लहान मुलांचे येत. २००५ मध्ये फ्लूची लस योजनेत आली आणि मोठ्या माणसांचे दावे वाढत गेले, पण माणसं तेवढीच राहिली. तारखांमध्ये महिने जातात त्याचं कारण हे आहे, आणि कायदेमंडळाने इतकी वर्षं ते तसंच राहू दिलं याचा मला मनापासून राग आहे.

दाव्याला दोन वाटा आहेत. कायद्यात एक तक्ता आहे: अमुक लस, अमुक इजा, अमुक अवधी. तुमचं प्रकरण तक्त्यात चपखल बसलं तर लशीनेच इजा झाली असं कोर्ट धरून चालतं आणि दुसरं कारण दाखवायची जबाबदारी सरकारवर जाते. फ्लूच्या लशीनंतर ३ ते ४२ दिवसांत सुरू झालेला जीबीएस २०१७ च्या मार्चमध्ये या तक्त्यात आला. आमचा आजार त्यानंतरचा, हे आमचं नशीब.

तक्त्याबाहेरच्या इजेसाठी दुसरी वाट. तिथे २००५ च्या अल्थेन निकालातल्या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: लशीमुळे असा आजार होऊ शकतो याची वैद्यकीय मांडणी, या रुग्णात तसंच घडलं याची तर्कसंगत साखळी, आणि लस व लक्षण यांच्यातला पटण्यासारखा अवधी. शंभर टक्के खात्री कुणी मागत नाही. पन्नास टक्क्यांच्या किंचित पुढे पारडं झुकलं तरी पुरे. मात्र "लशीनंतर झालं, म्हणून लशीमुळे झालं" एवढं म्हणून ते झुकत नाही. लशींमुळे ऑटिझम होतो असं म्हणणारे पाच हजारांहून अधिक दावे याच कोर्टात आले होते. २००९ आणि २०१० मध्ये नमुन्यादाखल निवडलेल्या प्रकरणांत साक्षी-पुरावे बारकाईने तपासून ते म्हणणं फेटाळलं गेलं. मी हे ठासून सांगते, कारण ज्यांची इजा खरी आहे त्यांना याच कठोरपणाचा आधार असतो. सगळ्यालाच "हो" म्हणणाऱ्या कोर्टाच्या "हो"ला कोण विचारतं?

७. घरच्यांनी पाहिलेलं घरच्यांच्या शब्दांत लिहावं

डॉक्टरांचे कागद निदान सांगतात. आजारपणाने घराचं काय झालं ते त्यांत येत नाही. त्यासाठी प्रतिज्ञापत्रं असतात. मी लिहिलं, नवऱ्याने लिहिलं, त्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने लिहिलं. पण सगळ्यांत बोलकं ठरलं ते सासूबाईंचं.

त्या हिवाळ्यात त्या आमच्याकडे होत्या. इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांनी वहीच्या पानावर मराठीत लिहून दिलं आणि भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह ते कोर्टात गेलं. त्यांनी लिहिलं होतं: तो चालायला लागल्यावर त्याच्या उजव्या पायातली चप्पल राहत नसे. पाऊल टाकलं की चप्पल मागेच राही आणि त्याला ते कळतही नसे, कारण तळव्याला स्पर्श समजत नव्हता. मी मागून चप्पल घेऊन जायची. आंघोळीचं पाणी गरम आहे का ते तो पायाने बघायला गेला आणि भाजला, तेव्हापासून पाणी मीच हाताने बघून देते.

फिजिओच्या कागदांत याच गोष्टी होत्या: उजवं पाऊल उचललं जात नाही, तळव्याची संवेदना कमी. पण वकीलबाई म्हणाल्या, की सरकारी वकिलांशी रकमेचं बोलणं सुरू झालं तेव्हा चपलेचा उल्लेख दोन्ही बाजूंच्या तोंडी होता. लिहिणाऱ्याने मोठे शब्द वापरू नयेत. "प्रचंड यातना" लिहिलं तर वाचणारा पुढे जातो. काय करता येत नव्हतं, कोण करून देत होतं, कधीपर्यंत, एवढं लिहावं.

८. तडजोडीच्या कागदावर "आमचं चुकलं" असं लिहिलेलं नसतं

भरपाई मिळालेल्या दाव्यांपैकी जवळपास साठ टक्के तडजोडीने मिटतात, आणि त्यांत लशीनेच इजा झाली असं सरकारने मान्य केलेलं नसतं. आमच्या कागदावरही तेच होतं. लशीमुळे इजा झाली हे प्रतिवादीला अमान्य आहे, तरीही दोन्ही पक्ष अमुक रकमेवर सहमत आहेत.

नवऱ्याने ते वाक्य वाचलं आणि कागद मिटवून बाजूला ठेवला. त्याला पैशापेक्षा कुणीतरी "हो, असं झालं" म्हणायला हवं होतं. तडजोड नाकारून पूर्ण सुनावणीचा आग्रह धरता आला असता. तज्ज्ञांच्या साक्षी, उलटतपासणी, त्या जुलाबाच्या ओळीचा कीस, आणि शेवटी हरण्याचीही शक्यता. मी त्याला घाई केली नाही. एका रविवारी त्याने स्वतःच पेन मागितलं. घराचं कर्ज होतं, त्याची जुनी नोकरी परत मिळण्यासारखी नव्हती, थोरलीची कॉलेजची फी समोर होती. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

रकमेचे भाग वेगवेगळे असतात. विम्याने न भरलेला औषधपाण्याचा आणि पुढच्या उपचारांचा खर्च, बुडालेला आणि बुडणारा पगार, आणि वेदनांसाठी. वेदनांच्या रकमेला अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे, मृत्यूसाठीही अडीच लाखच. हे आकडे १९८६ चे आहेत आणि आजही तेच आहेत. महागाई इतकी वाढली, त्या मर्यादेत एक डॉलर वाढला नाही. ज्या बाईचा तरुण मुलगा गेला तिला आज चाळीस वर्षांपूर्वीचा भाव सांगणं अन्याय आहे.

पगाराचा हिशेब मांडताना टॅक्सचे जुने कागद, पगाराच्या स्लिपा, मालकाचं पत्र, रजेच्या नोंदी सगळं लागतं. घरी केलेल्या सेवेचाही खर्च धरायला सांगावा. तो दरवेळी मिळेलच असं नाही, पण न मागता नक्कीच मिळत नाही.

९. निकाल सगळ्यांना वाचता येतो

कोर्टाचे निर्णय जाहीर होतात, त्यावर दावा करणाऱ्याचं नाव असतं. खाजगी वैद्यकीय तपशील झाकायचा असेल तर निर्णयानंतर चौदा दिवसांत मागणी करावी लागते. नवी नोकरी शोधणाऱ्याने हे आधीच वकिलाशी बोलून ठेवावं.

१०. कोविडची लस या योजनेत नाही

हे ऐकून लोक गप्प होतात. कोविडच्या लशींसाठी २००५ च्या आणीबाणीविषयक कायद्याखालची वेगळी योजना लागू होते. तिथे मुदत लस घेतल्यापासून फक्त एक वर्ष. न्यायाधीश नाही, सुनावणी नाही, निर्णय आरोग्य खात्यातलेच अधिकारी घेतात, वकिलाची फी मिळत नाही, वेदनांसाठी काही नाही. हजारो अर्ज आले आणि पैसे मोजक्यांनाच मिळाले. माझ्या नवऱ्याला तोच आजार, तितक्याच दिवसांनी, कोविडच्या लशीनंतर झाला असता तर ही सगळी दारं आम्हाला नव्हती. ज्या लशी सगळ्यांनी घ्याव्यात असं सरकारने जीव तोडून सांगितलं, त्यांच्याचसाठी ही कमी प्रतीची सोय ठेवणं मला पटलेलं नाही. त्या लशी मुख्य योजनेत आणाव्यात अशी मागणी अमेरिकी काँग्रेसमध्ये झालेली आहे, आणि मी माझ्या भागातल्या प्रतिनिधीला त्यासाठी पत्र लिहिलं आहे.

मोठ्या माणसांना नागिणीसाठी देतात ती लसही मुख्य योजनेत नाही. म्हणून फोन आला की मी आधी विचारते, कोणती लस?

११. इकडून तिकडे

कोल्हापूरच्या नातेवाइकांनी विचारलं, आपल्याकडे असं काही झालं तर? २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. कोविडच्या लशीनंतर मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेवरचं ते उत्तर होतं. त्यात म्हटलं होतं, की लस ऐच्छिक होती, सरकारला जबाबदार धरता येणार नाही, नुकसान झालेल्यांनी दिवाणी न्यायालयात जावं. भारतात औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली तर भरपाईचं सूत्र २०१९ च्या नियमांत लिहिलेलं आहे. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांची कारणं तपासणाऱ्या समित्या जिल्ह्यापासून केंद्रापर्यंत आहेत. म्हणजे तपासायची यंत्रणा आहे आणि रक्कम काढायची रीतही माहीत आहे. मात्र १९८६ च्या त्या कायद्यासारखा कायदा आपल्या संसदेने केलेला नाही.

दिवाणी न्यायालयात जायचं तर कुणाचा तरी निष्काळजीपणा दाखवावा लागतो. आमच्या प्रकरणात तो कुणाचाच नव्हता. लस चांगली होती, टोचणारी फार्मासिस्ट हुशार होती, डॉक्टरांनी पाच दिवस शिरेतून अँटीबॉडी (आयव्हीआयजी) देऊन त्याला व्हेंटिलेटरपासून वाचवलं. हीच घटना सासऱ्यांच्या आरोग्य केंद्रात घडली असती तर सासूबाईंनी कोणावर दावा लावायचा होता? सुई टोचणाऱ्या नर्सताईंवर? सासरे असते तर सगळ्यात आधी त्यांनीच नको म्हटलं असतं. भारतात दरवर्षी कोट्यवधी डोस टोचले जातात. डोसामागे काही पैसे बाजूला काढून एक निधी, इजांचा एक तक्ता, आणि तालुक्याच्या गावातल्या माणसालाही झेपेल अशी मुदत, एवढं केलं तर नर्सताईंवर बोट न ठेवता त्या घराला हक्काचे पैसे देता येतील.